हात लांबवला की हातच उघडा पडतो

म्हापशाच्या एका विद्यार्थिनीने मला प्रश्न पाठवलाय. ती चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रकल्प म्हणून फायटिंग गेमसाठी, म्हणजे दोन पात्रांच्या समोरासमोर मारामारीच्या व्हिडिओ गेमसाठी, गोव्याचा एक योद्धा करतेय, बहुतेक नरकासुर. सरांनी सांगितलं, आधी 'स्ट्रीट फायटर'मधल्या धालसिमचा, त्या हात लांबवून मारणाऱ्या योग्याचा, अभ्यास कर, या खेळांतला सगळ्यात प्रसिद्ध भारतीय तोच. तिने अभ्यास केला आणि वैतागली. "गळ्यात कवट्या, तोंडातून आग, आजूबाजूला हत्ती, मागच्या भिंतीवर गणपती. हा भारतीय माणूस की सर्कशीची जाहिरात? तरीही तो तीस वर्षं टिकला कसा? आणि मी त्याच्याकडून घ्यायचं काय?"

बाय, तुझा वैताग बरोबर आहे. पण तू त्याच्याकडे चित्र म्हणून बघितलंस. मी बावीस वर्षं गेममधल्या पात्रांचं अ‍ॅनिमेशन करतोय, आधी पुण्यात, मग बंगळुरूला आणि आता पर्वरीला घरी बसून. त्याआधी कितीतरी वर्षं मी त्याच्याकडून मार खाल्लाय. मार खाणाऱ्याला चित्रापेक्षा वेगळं काहीतरी दिसतं. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आम्ही डिचोलीचे. मामा दर शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात यायचा आणि सुट्टी असली की मी त्याच्या मागे लागायचो. मामा मिरच्या, सुकं मासळं बघत फिरायचा आणि मी एका अंधाऱ्या गाळ्यात शिरायचो, तिथे व्हिडिओ गेमची चार यंत्रं होती. त्यातल्या एकावर 'स्ट्रीट फायटर टू' लागलेला असे. टोकन घालायचं, सहा बटणं, एक दांडा, आणि समोर कुणीतरी मोठा मुलगा. पहिल्यांदा धालसिम पडद्यावर आला तेव्हा माझ्या शेजारचा ओरडला होता, "अरे, हो आपलो मनीस!" सगळे हसले. त्यानंतर आमच्यातल्या कुणी त्याला घेतलं नाही. आपला माणूस होता, पण हळू चालायचा, हळू उडी मारायचा आणि त्याला खेळवायला डोकं लागायचं. आम्हाला खेळातला नायक रियू पाहिजे होता, नाहीतर त्याचा जोडीदार केन. आमच्यात नाव कुणाला नीट कळलंच नव्हतं, आम्ही त्याला 'ढालसिम' म्हणायचो. ढाल त्याच्याकडे औषधालासुद्धा नाही, हे पुढे कळलं.

आता तो घडला कसा, ते.

पहिला 'स्ट्रीट फायटर' १९८७चा. तो करणारी मुख्य माणसं नंतर कॅपकॉम, म्हणजे हा खेळ काढणारी जपानी कंपनी, सोडून गेली. दुसरा भाग १९९१ मध्ये आला तो नव्या हातांचा होता: खेळाची मांडणी अकिरा निशितानी यांची, पात्रांची चित्रं प्रामुख्याने अकिरा यासुदा यांची (त्यांना सगळे अकिमान म्हणतात), आणि वरून लक्ष योशिकी ओकामोतो यांचं. बहुतेक मैदानांचं संगीत योको शिमोमुरा या तेव्हा विशीतल्या संगीतकार बाईंचं, धालसिमचंही. खेळाडूला निवडता येतील अशी आठ पात्रं, बहुतेक वेगवेगळ्या देशांची: जपानी सुमो, रशियन कुस्तीगीर, अमेरिकन सैनिक, चिनी पोलीस बाई, ब्राझीलचा हिरवा रानटी माणूस. तुला दिसतंय का, हिशेबात सगळेच नमुने आहेत. रशियन माणूस अस्वलांशी कुस्ती खेळतो. ब्राझीलच्या माणसाला तर माणूसच ठेवलेलं नाही, विजेचा प्राणी केलाय. म्हणजे अपमान आपल्या एकट्याचा झाला अशातला भाग नाही, पंगतीत सगळ्यांना तेच वाढलंय. पण पंगतीत वाढलं म्हणून आंबट गोड होत नाही, हेही खरं.

भारतीय लढवय्या म्हणजे जादूवाला, हा साचा त्यांच्या आधीपासूनचा. १९८७च्या 'पंच-आउट'मध्ये ग्रेट टायगर नावाचा मुष्टियोद्धा आहे: मुंबईचा, डोक्याला फेटा, फेट्यात रत्न, आणि मधेच अदृश्य होतो. लांब हातांचा उगम त्याहून जुना. १९७६च्या 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' या मारामारीच्या चित्रपटात एक भारतीय योगी आहे, त्याचे हात भर आखाड्यात हातभर लांब होतात. धालसिम तिथूनच आला असं सर्रास सांगितलं जातं, आणि ते दृश्य पाहिलं की वेगळा पुरावा मागावासा वाटत नाही. नावाबद्दल अशी गोष्ट फिरते की ते हॉटेलातल्या जेवणावरून पडलं: डाळ आणि शीम, म्हणजे वालाची शेंग. खरी असो वा खोटी, मला ती आवडते. चतुर्थीच्या खतखत्याच्या भांड्यातून आपण काढलं असतं तर नाव याहून वाईट झालं असतं.

त्याच्या घरच्यांकडे मात्र जरूर बघ. कॅपकॉमने त्याला बायको दिली तिचं नाव सॅली, मुलाचं नाव दत्ता आणि पाळलेला हत्ती कोदल. टीकाकार यावर हसतात, की भारतीय बाईचं नाव सॅली कसं? मी गोंयकार, मला काहीच खटकत नाही. आई सॅली आणि मुलगा दत्ता असं घर जगात कुठे सापडलंच तर मडगाव आणि साखळीच्या मधे कुठेतरी सापडेल.

त्याची उंची १७६ सेंटिमीटर, वजन ४८ किलो. या आकड्यांचा माणूस म्हणजे बरगड्या मोजून घ्याव्यात. लढायचं त्याला मुळात नाहीच, तो शांततावादी आहे. गावाला पैसा पाहिजे म्हणून स्पर्धेत उतरतो. गळ्यातल्या कवट्या साथीत गेलेल्या त्याच्या गावातल्या मुलांच्या, त्यांची आठवण म्हणून. इथे मात्र मला पूर्वी तुझ्यासारखाच राग यायचा. गेलेल्या मुलांची हाडं आपण पाण्यात सोडतो, दागिना करून मिरवत नाही. पण एकदा आमच्या बाजूच्या गावात वेताळासमोर उभा असताना चमकलो. गोव्यात गावोगाव वेताळ आहे. त्याच्या काही जुन्या दगडी मूर्ती पाहा: उघडं शरीर, कृश, बरगड्या दिसताहेत आणि गळ्यात मुंडमाळ. जपानच्या माणसाने आपला वेताळ पाहिला असेल असं मी मुळीच म्हणत नाही. एवढंच की 'आपल्यात असं काही नसतंच' हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. आपल्यात ते असतं, पण त्याला देवळात जागा आहे, गावाची राखण करण्याचं काम आहे, आणि रात्रभर फिरून झिजतात म्हणून लोक त्याला नव्या वहाणा वाहतात. कॅपकॉमने कवट्या घेतल्या आणि वहाणा सोडल्या. आणि मागच्या भिंतीवर गणपती लावून पुढे लाथाबुक्क्या, हे मलाही आजतागायत पचलेलं नाही. तुझ्या प्रकल्पात देव पार्श्वभूमीला टांगू नकोस, मग सर काही म्हणोत.

हे झालं चित्राचं. आता हाताकडे ये, कारण उत्तर तिथे आहे.

त्या यंत्राचा पडदा ३८४ ठिपके रुंद आणि २२४ ठिपके उंच. एवढ्या जागेत दोन माणसं. बाकी सातजण हात मारतात तेव्हा हात शरीरापासून वीतभर पुढे जातो. धालसिमचा हात जवळजवळ अर्धा पडदा ओलांडतो. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा इकडून रियू नेत होतो आणि मी धालसिमपर्यंत पोचायच्या आतच माझी टोकनं संपत होती. गाळ्यातला एक पोरगा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा, फक्त धालसिमच घ्यायचा. तो कधी धावला नाही, कधी ओरडला नाही. मी पुढे आलो की हात. उडी मारली की वर पाय. थांबलो की 'योगा फायर', तो संथ गोळा, आणि त्या गोळ्याच्या मागून परत हात. मी रडकुंडीला यायचो.

मग कुणीतरी मला शहाणं केलं: "अरे, त्याला मारू नको, त्याच्या हाताला मार."

या एका वाक्यात ते पात्र आहे. तांत्रिक भाषेत सांगतो. प्रत्येक पात्राभोवती दोन प्रकारच्या अदृश्य चौकटी असतात. हिटबॉक्स म्हणजे जिथे तुझा मार लागतो ती जागा. हर्टबॉक्स म्हणजे जिथे तुला मार बसतो ती. रियूने गुद्दा मारला तर त्याची हर्टबॉक्स थोडीशीच पुढे सरकते. धालसिमने हात लांबवला की त्या अख्ख्या हाताबरोबर हर्टबॉक्सही पुढे जाते. अर्धा पडदाभर त्याचं शरीर समोरच्याच्या पुढ्यात पसरलेलं असतं, आणि हात परत येईपर्यंत तो दुसरं काही करू शकत नाही. पडद्यावर सेकंदाला साधारण ६० चित्रं सरकतात, त्यातल्या एकेकाला आम्ही फ्रेम म्हणतो. प्रत्येक माराचे तीन तुकडे: हात निघतो, हात लागतो, हात परततो. धालसिमच्या लांब हाताचा परतीचा तुकडा रेंगाळतो. त्या रेंगाळण्यात रियूने नेमका उसळता गुद्दा घातला की तो हवेत उसळलेला हात धालसिमच्या हाताला लागतो आणि पडद्याच्या त्या टोकाला उभा असलेला योगी कोसळतो. धड कुठे आणि मार कुठे.

म्हणजे बघ, त्याची सगळ्यात मोठी ताकद आणि त्याचं सगळ्यात मोठं वैगुण्य ही एकच गोष्ट आहे. ताकद उजव्या खिशात आणि कमजोरी डाव्या खिशात असा प्रकार नाही. हे फार कठीण असतं. आम्ही अ‍ॅनिमेशनवाले बहुतेक वेळा काय करतो, एखाद्याला जोर देतो आणि मग 'फार जोरात झाला' म्हणून त्याचा वेग कापतो. हिशेब जुळतो, पण पात्र लक्षात राहत नाही. निशितानी आणि अकिमान यांनी भारतीय जादूवाल्याचा शिळा साचा उचलला, पण त्याला किंमत चिकटवली ती अशी, की दुसऱ्या कुणाला ती चिकटवताच येत नाही.

तो पोरगा हरू लागल्यावर हात कमी लांबवायला लागला. मग आम्ही पुढे सरकलो की लगेच लांबवायचा. मग आम्ही पुढे सरकायचं नाटक करू लागलो. त्या गाळ्यात मी पहिल्यांदा अंतर शिकलो. चित्रकलेच्या वर्गातलं नव्हे, भांडणातलं.

पुढची वर्षं मी झपाट्याने सांगतो. १९९२ मध्ये 'चॅम्पियन एडिशन' आली आणि तिच्या मागोमाग तिची चोरटी रूपं, त्यांत 'रेनबो' नावाची प्रसिद्ध. म्हापशाच्या त्या गाळ्यात बहुधा तसलंच काहीतरी होतं, कारण तिथे हवेत उडतानासुद्धा गोळे सुटायचे आणि मधेच बटण दाबून पात्र बदलता यायचं. आम्हाला वाटायचं, खेळ असाच असतो. या चोरट्या धुडगुसाला उत्तर म्हणून कॅपकॉमने त्याच वर्षाच्या शेवटी वेग वाढवलेली 'हायपर फायटिंग' काढली, आणि तिच्यात धालसिमला योगा टेलिपोर्ट मिळाला: इथे गायब, तिथे हजर. त्याच्या संथपणावर तो उतारा होता. आणि परत गंमत बघ, गायब होऊन चुकीच्या जागी उगवला की तो समोरच्याच्या तोंडातच. १९९४च्या 'सुपर टर्बो'त त्याला योगा इन्फर्नो हा मोठा मार मिळाला. त्याच वर्षी हॉलीवूडचा चित्रपट आला. त्यात धालसिम झाले रोशन सेठ, 'गांधी'तले नेहरू. तिथे तो योगी नव्हेच, खलनायकाच्या कैदेतला शास्त्रज्ञ. या चित्रपटावर मी याहून जास्त शाई घालवणार नाही.

१९९७च्या तिसऱ्या भागातून त्याला काढलं. तरीही लांब हात हवेच होते, म्हणून नेक्रो नावाचं एक पांढुरकं रशियन पात्र आणलं: हात लांबतात, वीज सोडतो. यावरून तू ओळख, की कॅपकॉमला स्वतःला काय मोलाचं वाटत होतं. योगी गेला तरी चाललं, हात जायला नको. (१९९६च्या 'स्ट्रीट फायटर ईएक्स'मध्ये दारुन मिस्टर नावाचा एक भारतीय पहिलवानही होता. तो आज कुणाला आठवतो? त्याच्याकडे स्वतःचं असं अंतर नव्हतं, पकडापकडी करणारे त्याच्या आधीपासून होते.) चौथ्या भागात, २००८ मध्ये, धालसिम परतला, २०१६च्या पाचव्यात त्याला फेटा आणि पांढरी दाढी आली, २०२३च्या सहाव्यात तो पहिल्या दिवसापासून आहे. पाचव्यापासून चेहऱ्यावर गुरुजीपण आलंय. पूर्वी 'मी ध्यान करीन आणि मग तुझा नाश करीन' असलं अचाट बोलणारा माणूस आता खरंच ध्यान करणारा वाटतो. कपडे बदलत गेले, कारण बघणारे बदलले, त्यांत आपणही आलो. हाताला मात्र कुणी हात लावला नाही.

तो खेळणारी माणसंही वेगळ्या जातीची. अमेरिकेचा रायन रामिरेझ, त्याला सगळे फिलिपिनो चॅम्प म्हणतात, चौथ्या भागात धालसिम घ्यायचा आणि समोरच्याचा पार भुगा करायचा. जपानचा मोची पाचव्या भागापासून धालसिमनेच लढतोय. यांचे सामने बघ, पण त्यांच्या हाताकडे बघू नकोस, समोरच्याच्या पायांकडे बघ. समोरचा एक पाऊल पुढे, दीड मागे, परत पुढे असा तडफडत असतो. चांगला धालसिम समोरच्या माणसाला नाचवतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत 'स्ट्रीट फायटर फाइव्ह' पदकासाठी खेळला गेला. सुवर्ण ४४ वर्षांच्या कोरियन किम ग्वान-वू यांनी नेलं. भारताचेही खेळाडू त्यात उतरले होते. म्हणजे चाळिशीत संपलो असं समजणाऱ्या माझ्यासारख्यालाही अजून आशा आहे, बायको काहीही म्हणो.

आता तुझा प्रकल्प.

आधी माझी फजिती ऐक. पंधराएक वर्षांपूर्वी एका स्टुडिओत मोबाइलच्या खेळासाठी भारतीय योद्धे करायचे होते. मी छाती काढून म्हटलं, मी गोव्याचा करतो. आणि केला घोडेमोडणीवाला. शिगम्याला आमच्या डिचोलीत, सत्तरीत नाचतात ना, कमरेला लाकडी घोड्याचं तोंड आणि कापडाची झूल, डोक्याला सजलेला मुकुट, हातात तलवार. चित्र झकास झालं, सगळ्यांनी वाहवा केली. पडद्यावर घातल्यावर कळलं काय केलंय ते. घोड्याचं डोकं पुढे आलेलं, म्हणून त्याची हर्टबॉक्स दीडपट रुंद. तलवार त्या डोक्याच्या पलीकडे पोचतच नाही. झुलीखाली पाय झाकलेले, त्यामुळे लाथ मारली तरी दिसत नाही, आणि न दिसणारा मार समोरच्याला अन्याय वाटतो. बसला तर घोडा जमिनीत घुसतो. तीन आठवडे मी चौकटी कापत बसलो. शेवटी त्यांनी त्याला काढून एक साधा पहिलवान घातला, आणि त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. मी शिगम्यातून पोशाख आणला होता, नाच आणला नव्हता. घोडेमोडणीवाले कसे पुढे येतात आठव: ढोल-ताशाच्या ठेक्यावर पुढे झेप, मग मागे सरणं, परत पुढे. घोडा हा वेश नाही, ती चाल आहे. मी त्याला उभा करून तलवार फिरवायला लावली. आज केला असता तर त्याला उभं राहताच येऊ नये असा केला असता: सतत पुढे-मागे, आणि तलवार लागणार फक्त पुढच्या झेपेत.

नरकासुराऐवजी दशावतारातला संकासुर घ्यावा का, असंही तू शेवटी लिहिलंयस. पेडण्याच्या जत्रेत मी तो लहानपणी बघितला तेव्हा भीतीने आईच्या पदरात शिरलो आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आलो. काळा वेश, लोंबती लाल जीभ. तुला ती जीभ लांबवायचा मोह होईल. नको. ती धालसिमच्या हाताची उसनवारी होईल आणि सर एका नजरेत ओळखतील. पण दशावतारातून एक गोष्ट घेच. पडद्यामागून पात्र निघतं आणि तोंड उघडायच्या आधी, नुसत्या पहिल्या चार पावलांत शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला कळतं की हा राजा, ही बाई, हा राक्षस. समईच्या उजेडाच्या काळात ती पावलं घडलीत. तुझं पात्र काळ्या कागदातून कापून भिंतीला लाव आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जा. ओळखू येत नसेल तर रंग भरू नकोस.

या परीक्षेत नरकासुर पहिल्या क्रमांकाने पास होतो, यात शंका नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री पणजीत तो रस्त्याच्या टोकाला उभा असतो आणि तुला दुसऱ्या टोकावरून कळतो. पण तू पाठवलेल्या कच्च्या चित्रात तो काय करतोय? तलवार फिरवतोय आणि तोंडातून आग सोडतोय. म्हणजे फेटा काढलेला धालसिमच की! मोठं शरीर, मोठी तलवार, हळू चाल, असे राक्षस प्रत्येक खेळात दोन-दोन पडलेत.

तू नरकासुर बनवायला कधी बसली आहेस का? बसली असशील, म्हापशाची आहेस. बांबूचा सांगाडा, आत गवत, वरून कागद, मग रंग. पोटात फटाके. वाड्यावरची पोरं पंधरा दिवस राबतात, रात्रभर मिरवतात, बक्षिसं घेतात आणि पहाटे त्याला जाळून टाकतात. त्याचं सगळं वैभव रात्रीचं आहे. उजाडलं की संपला. हे तुला दुसऱ्या कुठल्या राक्षसात मिळणार नाही, आणि धालसिमच्या हातासारखी ताकद-किंमत एकत्र बांधलेली गोष्ट हीच आहे.

फायटिंग गेममध्ये वर घड्याळ असतं. 'स्ट्रीट फायटर टू'पासून ते ९९वरून खाली येतं, आणि शून्य झालं की ज्याचा जीव जास्त उरला तो जिंकला. सगळी पात्रं घड्याळाला समान. तुझा नरकासुर घड्याळाला बांध. शून्य म्हणजे पहाट. पहाट झाली की तो हरला, मग त्याचा जीव कितीही शिल्लक असो. आता समोरचा काय करेल? पळेल. धालसिमसमोर लोक जवळ येण्यासाठी तडफडतात, तुझ्या नरकासुरापासून लांब जाण्यासाठी तडफडतील. मग त्याला पाठलागाचं काहीतरी दे, नाहीतर प्रत्येक सामना पळापळीचा होईल. इथे पोटातले फटाके कामाला येतात. त्याला बसलेल्या प्रत्येक माराची ठिणगी आत जाते. एक फटाका पेटतो, आणि पुढचे काही क्षण त्याचा वेग वाढतो. म्हणजे पळणारा सुरक्षित नाही, आणि मारणारा त्यालाच पेटवतोय. पण फटाके मोजके ठेव, सहा पुरेत, आणि प्रत्येक फटाक्याबरोबर शरीराचा एक तुकडा जळून जाऊ दे: आधी मुकुट, मग एक हात, मग छातीवरचा कागद. आतला बांबू दिसू लागेल. हर्टबॉक्स लहान होत जाईल, तसा मारही. शेवटी एक भणभणता सांगाडा धावत येतोय आणि वर घड्याळात सात उरलेत, हे मला आत्ता टाइप करतानाच दिसतंय.

समोर कृष्ण ठेवायचा का, असं तू विचारलंस. देखाव्यात असतो, लहानसा, चक्र घेऊन एका कोपऱ्यात, आणि दरवर्षी वर्तमानपत्रात कुणीतरी लिहितंच की आपण असुराला डोक्यावर घेतलं आणि देवाला विसरलो. मी ठेवणार नाही. देवाला हरवायचं बटण कुणाच्या अंगठ्याखाली देऊ नये, असं मला वाटतं, आणि नरकासुराला खरं कोण मारतं ते तर घड्याळच सांगतंय. तुझ्या सरांचं मत वेगळं असेल तर त्यांच्याशी वाद घाल, माझं नाव सांगू नकोस.

कॉम्प्युटरवर जायच्या आधी हे कागदावर खेळून बघ. चौकटींची एक लांब पट्टी आख, दोन सोंगट्या ठेव, एकेका खेळीला घड्याळाचे तीन आकडे कमी कर. भावाला नरकासुर दे आणि तू पळ. पाच डावांत फटाके सहा हवेत की चार ते कळेल. मग बाजू बदला.

आणि येत्या नरक चतुर्दशीला पहाटे चारला उठून पणजीला जा, फोन घेऊन. चित्र काढायला नव्हे, आवाज टिपायला. आधी कागद फडफडतो, मग गवत धुमसतं, मग पोटातला पहिला फटाका दबका फुटतो, आणि सगळ्यात शेवटी बांबूची पेरं एकेक तडकतात. तो तडकण्याचा आवाज मी एकदा टिपायला गेलो तेव्हा मागे कुणीतरी डीजे लावून ठेवला होता. तुला स्वच्छ मिळाला तर मला पाठव.